भाड्याच्या मार्करपासून प्रो संघापर्यंत: स्पर्धात्मक पेंटबॉल रुजवायचा कसा

पेंटबॉलची मैदानं सुट्टीच्या दिवशी गजबजलेली असतात, पण तिथून स्पर्धेत उतरणारे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. याचं खापर सहसा खेळाडूंच्या जिद्दीवर फुटतं. खरी अडचण अशी की मौजेखातर खेळलेला दिवस आणि पहिली स्पर्धा यांच्या मध्ये पायऱ्याच नसतात. कालपर्यंत भाड्याच्या मार्करने (बॉल मारायच्या बंदुकीने) खेळणाऱ्याला एका उडीत इलेक्ट्रॉनिक मार्कर, हवेची टाकी, चांगला मास्क, संघ आणि पेट्यांनी पेंट (रंग भरलेले बॉल) जमवावा लागतो. समोर वर्षानुवर्षं खेळलेले पाच जण असतात, आणि पहिल्या १० सेकंदांत तो बाद होऊन बाहेर बसतो. असं दोनदा झालं की तो परत येत नाही. म्हणून सुरुवात पायऱ्या बांधण्यापासून करायची.

पहिली पायरी: दीड तासाचा वर्ग

भाड्याने खेळून गेलेल्यांपैकी दोन-तीनदा परत येणाऱ्यांची नावं टिपून ठेवा. महिन्यातला एक दिवस कायमचा ठरवा आणि ८ ते १२ जणांसाठी दीड तासाचा वर्ग घ्या. मार्कर मैदानाचाच, प्रत्येकाला २०० बॉल. शिकवायच्या गोष्टी तीनच: दोन्ही हातांनी मार्कर धरणं, बंकरला, म्हणजे मैदानातल्या आडोशाला, न चिकटता हातभर मागे उभं राहणं, आणि कडेवरून बाहेर डोकावून तीन बॉल मारून आत येणं. डावपेच इथे शिकवू नका. डोक्यात काही राहत नाही आणि हात तसेच कच्चे राहतात.

लहान मुलांसाठी ०.५० कॅलिबरचे हलके मार्कर वापरा. नेहमीच्या ०.६८ कॅलिबरच्या बॉलचा मार पहिल्याच दिवशी बसला तर आवड लागण्याआधीच भीती बसते.

दुसरी पायरी: तिघांची मेकॅनिकल स्पर्धा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच बहुतेक ठिकाणी गाळली जाते. मैदान लहान ठेवा: साधारण ३० बाय २५ मीटर, १० ते १४ बंकर. मार्कर फक्त मेकॅनिकल, म्हणजे ट्रिगर एकदा दाबला की एकच बॉल. प्रत्येक पॉइंटला (सामन्यातल्या एका डावाला) माणशी १०० किंवा १५० बॉलची मर्यादा घाला. त्यामुळे पैसेवाल्या संघाला नुसता पेंट ओतून जिंकता येत नाही आणि नवख्याच्या खिशालाही ते झेपतं.

बाद फेरी ठेवू नका. सकाळी हरलेला संघ दुपारपर्यंत घरी गेला तर तो दिवसभरात दोन मिनिटं खेळलेला असतो. साखळी पद्धत ठेवून प्रत्येक संघाला किमान पाच सामने मिळतील असं वेळापत्रक करा. एकटा आलेल्यालाही सामावून घ्या: सकाळी नावं घेऊन जागेवरच संघ पाडा. असे जुळवलेले संघ पुढे कायम राहतात, हे वारंवार दिसतं.

तिघांच्या स्पर्धेतून पाच विरुद्ध पाचची स्थानिक मालिका, तिथून मानांकनाची स्पर्धा असा क्रम ठेवा. मालिकेच्या सगळ्या तारखा हंगामाआधीच जाहीर करा. तारीख ठाऊक असली की खेळाडू रजा आणि पैसे दोन्हींची तजवीज करून ठेवतो.

मैदान आणि सुरक्षा

स्पर्धेचं प्रमाण मैदान १५० बाय १२० फुटांचं, म्हणजे साधारण ४६ बाय ३७ मीटर असतं. बंकर हवा भरलेले आणि दोन्ही अर्ध्या भागांत आरशासारखे सारखे. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमध्ये १२ जणांनी पहिला खेळ खेळला तो जंगलात, झाडांवर आणि गुरांवर खुणा करायच्या नेल्सन कंपनीच्या मार्करने. खेळ मोकळ्या मैदानावर आला तसा तो प्रेक्षकांना दिसू लागला. शिवाय तीच चाल शंभर वेळा घोकता येऊ लागली, आणि गंभीर सराव तिथूनच शक्य झाला.

सुरक्षेत तडजोड नाही. मास्क एएसटीएम एफ१७७६ या मानकाचाच हवा. कारखान्यातले किंवा मोटारसायकलचे गॉगल चालत नाहीत. भिंगाला तडा गेला, खोल ओरखडा पडला किंवा जवळून थेट मार बसला की भिंग बदला. मैदानाबाहेर पाऊल टाकण्याआधी बॅरलवर (मार्करच्या नळीवर) कापडी कव्हर चढलंच पाहिजे. वेगमर्यादा स्पर्धेत सेकंदाला ३०० फूट, हौशी खेळात त्याहून कमी, बरेचदा २८०. एखाद्या मैदानावर मास्कबद्दल ढिलाई दिसली तर तिथे खेळाडू पाठवू नका. एका डोळ्याची इजा त्या भागातला खेळ कायमचा बंद पाडू शकते.

मार्कर, हवा, पेंट

स्पर्धेसाठी उच्च दाबाची हवाच वापरा. कार्बन डायऑक्साइडचा दाब तापमानाप्रमाणे बदलतो, भराभर बॉल मारले की टाकी थंड पडते, आणि द्रवरूप वायू मार्करमध्ये शिरला की वेग वरखाली होतो. ६८ घनइंचांची, ४५०० पीएसआयची कार्बन फायबर टाकी बहुतेकांना पुरते. टाकीवरची चाचणीची तारीख वाचायला शिका. मुदत उलटलेली टाकी कोणत्याही जबाबदार मैदानावर भरून मिळत नाही.

वेग मोजताना एकच बॉल मारून समाधान मानू नका. सलग सहा मारा आणि आकड्यांतला फरक बघा. पाच-सात फुटांचा फरक ठीक. मार्कर २९० च्या आसपास लावा, म्हणजे एखादा बॉल जोरात गेला तरी ३०० ओलांडणार नाही. थोडा वेळ थांबून मारलेला पहिलाच बॉल हळू जात असेल तर आतल्या ओ-रिंगा कोरड्या पडल्यात: उघडा, पुसा, ग्रीस लावा. उलट थांबल्यावर पहिला बॉल नेहमीपेक्षा जोरात जात असेल तर रेग्युलेटरची (हवेचा दाब आवरणाऱ्या भागाची) सीट झिजली आहे. ती बदलल्याशिवाय खेळू नका, कारण दंड नेमका तशाच बॉलला बसतो.

पेंट बॅरलला जुळतो का हे दर वेळी तपासा. बॅरलच्या मागच्या टोकात बॉल ठेवा. तो आपोआप घरंगळून बाहेर पडला तर बॅरल मोठी, फुंकरीनेही हलला नाही तर लहान, जागेवर थांबला आणि फुंकरीने सुटला तर बरोबर. आकार जुळला तरी बॉल बॅरलमध्ये फुटत असतील तर डिटेंट, म्हणजे बॉल जागेवर अडवून धरणारे छोटे अटकाव, बघा. ते झिजले की एकाऐवजी दोन बॉल आत शिरतात. बॅरलमध्ये एक बॉल फुटला की पुढचे सगळे वाकडे जातात, म्हणून स्वॅब (बॅरल पुसायचं साधन) कायम अंगावर हवा.

पेंटचं कवच जिलेटिनचं असतं. दमट हवेत ते फुगून मऊ होतं, थंडीत ठिसूळ. पेटी १५ ते २५ अंशांत, सावलीत ठेवा आणि दर काही दिवसांनी उलटी करा, नाहीतर बॉल एका बाजूने चपटे होतात. सामन्याच्या सकाळी १० बॉल डोक्याच्या उंचीवरून सिमेंटवर टाका. पहिल्या दोन-तीन आपटण्यांत बहुतेक फुटले तर पेंट स्पर्धेयोग्य. पाच-सहा वेळा टणाटण उसळत राहिले तर ते समोरच्याच्या अंगावरही फुटणार नाहीत.

सराव: कमी पेंट, जास्त आवृत्त्या

लोडरमध्ये, म्हणजे मार्करवरच्या बॉलच्या डब्यात, साधारण २०० बॉल मावतात आणि स्पर्धेतला मार्कर सेकंदाला १० च्या आसपास बॉल सोडतो. म्हणजे न थांबता मारत राहिलं तर २० सेकंदांत लोडर रिकामा. २००० बॉलची पेटी अशी संपवणारे आणि काहीच न शिकलेले संघ थोडेथोडके नाहीत. सरावाचा पहिला तास संपूर्ण सामने खेळू नका. एकेक कौशल्य सुटं करून घ्या.

स्नॅप. दोन बंकर १५ मीटरवर, समोरच्या बंकरच्या कडेला वीतभर रुंदीचं लक्ष्य. उजवीकडून १० वेळा, डावीकडून १० वेळा, दर वेळी जास्तीत जास्त तीन बॉल: माणशी ६० बॉल झाले. मार्कर आधी खांद्याला लावायचा, नेम आतूनच धरायचा, मग कमरेतून झुकून बाहेर यायचं, मारायचं आणि एका सेकंदाच्या आत परत. नवख्यांचं चुकतं ते इथेच: आधी डोकं बाहेर येतं आणि मार्कर मागाहून वर चढतो. तेवढ्या अर्ध्या सेकंदात समोरचा मारून मोकळा होतो. दुसरी चूक म्हणजे दर वेळी त्याच उंचीवरून बाहेर येणं. तिसरी चूक स्वतःला दिसत नाही, म्हणून एकाने समोर उभं राहून सांगावी: लोडर, पॉडचा (जादा बॉलच्या नळ्यांचा) पट्टा किंवा मागचा पाय बाहेर राहतो, आणि सामानावर फुटलेला बॉलही खेळाडूला बाद करतो.

डाव्या हाताचा सराव लोक टाळतात. बंकरच्या डाव्या कडेवरून उजव्या हाताने मारायला गेलात तर अर्धं अंग बाहेर येतं. समोरच्या चतुर संघाला हे एका पॉइंटमध्ये कळतं आणि मग तो तुम्हाला मुद्दाम त्याच बाजूला ढकलतो. रोज १५ मिनिटं घरी, हवेची टाकी काढून, आरशासमोर हात बदलण्याचा सराव केला तरी महिन्याभरात फरक दिसतो. याला एकही बॉल लागत नाही.

ब्रेक आणि लेन. ब्रेक म्हणजे बझर वाजताच बंकरांकडे घेतलेली धाव, आणि लेन म्हणजे त्या वाटेवर धरलेली बॉलची सलग धार. बझर वाजल्यावरच्या पहिल्या पाच सेकंदांत अर्धा पॉइंट ठरतो. धावणाऱ्यावर नेम धरून काही साधत नाही. सेकंदाला ३०० फुटांनी सुटलेला बॉल हवेच्या विरोधामुळे झपाट्याने मंदावतो आणि ३० मीटर गाठायला त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात सेकंदाला सहा मीटर धावणारा खेळाडू तीन मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून तो जिथून जाणारच आहे अशी दोन बंकरांमधली फट आधी निवडायची, आणि तो तिथे पोहोचण्यापूर्वी बॉलची धार त्या फटीत सुरू झालेली असली पाहिजे.

इथे एक हिशेब प्रत्येक संघाने करून बघावा. सेकंदाला १० बॉल म्हणजे दोन बॉलमध्ये एक दशांश सेकंदाचं अंतर, आणि तेवढ्यात धावणारा ६० सेंटिमीटर पुढे सरकतो. वाकून धावणाऱ्या माणसाची बाजूने दिसणारी जाडीही जवळपास तेवढीच, किंवा थोडी कमी. म्हणजे एकाची लेन अचूक असली तरी त्यातून कुणी ना कुणी निसटणार. धोकादायक खेळाडूच्या वाटेवर दोघांनी मिळून लेन धरायची ती याचसाठी. आणि धावणाऱ्याने शेवटच्या दोन पावलांत वेग कमी केला तर तो आपणहून धारेत अडकतो. बंकर जवळ आला की पाय आखडणं ही नवख्यांची सर्रास चूक. बंकरच्या अलीकडे नाही, बंकरच्या आत घसरत जायला शिकवा.

सराव असा घ्या: एक धावणारा, एक लेन धरणारा, सुरुवातीच्या फलकाला बॅरलचं टोक टेकवून उभे. बझरवर चार सेकंद खेळायचं आणि थांबायचं. लेन धरणाऱ्याला दर वेळी २५ बॉल. सहा वेळा झाल्यावर जागा बदला. कोणत्या उंचीवर धार लागली ते फटीमागच्या जाळीवरच्या डागांत स्पष्ट दिसतं. डाग डोक्यावर असतील तर बॅरल खाली घ्या, गुडघ्यांच्या खाली असतील तर वर.

बोलणं. प्रत्येक बंकरला नाव द्या आणि तेच सगळ्यांनी वापरा: स्नेक एक, डोरिटो दोन, सेंटर. (स्नेक म्हणजे मैदानाच्या एका कडेचे बुटके, लांबट बंकर, डोरिटो म्हणजे दुसऱ्या कडेचे त्रिकोणी.) ओरडून सांगायच्या गोष्टी चारच: समोरचा कुठे आहे, कोण बाद झाला, मी कुठे चाललो, आणि कुणाला आत दाबून ठेवलंय. “तिकडे, तिकडे!” हे बोलणं नव्हे. मागच्या खेळाडूने सांगितलेलं पुढच्याने मोठ्याने परत म्हणायचं. म्हटलं नाही तर ते पोहोचलंच नाही असं धरायचं.

तयारी. पॉइंट काही सेकंदांत संपतो किंवा काही मिनिटं चालतो, आणि दोन पॉइंटच्या मध्ये श्वास घ्यायला फारच थोडा वेळ मिळतो. लांब पल्ल्याची धाव इथे फार कामाची नाही. १०-१५ मीटरच्या आठ-दहा धावा, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती, मग गुडघ्यावर बसून उठणं आणि रांगणं, आठवड्यातून तीनदा. झेप घेताना छातीवर आडवं पडायचं, तळहात पुढे टेकवायचे नाहीत. मनगट दुखावतं ते तिथेच.

संघ: भूमिका आणि पैसा

मैदानावर पाच असले तरी संघ आठ-नऊ जणांचा करा. स्नेकच्या बाजूला चपळ, अंगाने लहानसर, रांगायला न कंटाळणारा खेळाडू. डोरिटोच्या बाजूला सहसा उंच आणि हात लांब असलेला चालतो. दोघांच्या मागे त्यांचे डोळे होऊन बोलणारा एकेक जण, आणि मध्ये शांत डोक्याचा. पहिल्या हंगामात भूमिका कायम करू नका. तीन महिने सगळ्यांना सगळीकडे खेळवा.

संघ फुटतात ते पराभवांमुळे क्वचितच. पैसा आणि गैरहजेरी ही खरी कारणं. हंगामाच्या सुरुवातीला कागदावर लिहा: महिन्याची वर्गणी किती, पेंटचा खर्च माणशी की वापराप्रमाणे, किती सराव चुकले तर पुढच्या स्पर्धेत बाकावर. हा शेवटचा नियम सगळ्यात चांगल्या खेळाडूलाही लावायची हिंमत नसेल तर तो लिहूच नका.

जिद्द टिकवायची कशी

नुसत्या भाषणांनी खेळाडू टिकत नाही. आपण सुधारतोय हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. त्यासाठी एक वही पुरते. प्रत्येक पॉइंटला लिहा: सुरुवातीला कुठे गेला, पोहोचला का, कितव्या सेकंदाला बाद झाला, कुठून मार बसला, किती जणांना बाद केलं. चार-पाच सरावांनंतर चित्र स्पष्ट होतं. “मी वाईट खेळतो” म्हणणाऱ्या पोराला वहीत दिसतं की दहापैकी सात वेळा तो एकाच फटीत मारला गेला. मग प्रश्न त्याच्या लायकीचा राहत नाही, एका फटीचा उरतो, आणि तो सोडवता येतो.

पॉइंट संपल्यावर प्रशिक्षकाने प्रत्येकाला एकच सुधारणा सांगावी. चार सांगितल्या तर एकही होत नाही. आवाज चढवायचा तो सूचना ऐकू जाण्यासाठी, राग काढण्यासाठी नाही. बाद होऊन बाहेर आलेला खेळाडू पहिली १० सेकंदं काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. पाणी पिऊ द्या, मग बोला.

वरच्या गटात जायची घाई आणि खालच्या गटात रेंगाळणं, दोन्ही घातक. सलग दोन-तीन स्पर्धांत अंतिम चारमध्ये आलात आणि सामने सहज जिंकू लागलात की वर जा. वर गेल्यावर पहिला हंगाम बहुतेक हरण्यात जाणार, हे आधीच सांगून ठेवा आणि उद्दिष्ट बदला: विजय मोजण्याऐवजी ब्रेकवर पाचपैकी किती जण जिवंत पोहोचतात ते मोजा.

फुटलेला बॉल पुसून खेळत राहणं पहिल्या दिवसापासून बंद करा. पंचांना ते दिसलं तर त्या खेळाडूबरोबर आणखी एक साथीदार बाहेर जातो आणि मोठ्या चुकीला संघाला काही मिनिटं कमी माणसांनी खेळावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे नाव खराब होतं, आणि वरच्या संघांचे प्रशिक्षक ते विसरत नाहीत. सराव करताना प्रत्येक खेळाडूला महिन्यातून एकदा पंच म्हणून उभं करा. नियम तोंडपाठ होतात आणि मैदान बाहेरून वाचायची सवय लागते.

स्पर्धेआधीची तयारी

मोठ्या मालिकांत लेआउट, म्हणजे बंकरांची मांडणी, स्पर्धेआधी जाहीर होते. पहिल्या दिवशी एकही बॉल न मारता मैदान चालून बघा. प्रत्येक बंकरमागे बसून काय दिसतं आणि काय दिसत नाही ते नकाशावर लिहा. मग ब्रेकच्या तीनच योजना बसवा: एक आक्रमक, एक सावध, एक माणूस कमी असताना वापरायची. दहा योजना आखणारा संघ बझरच्या क्षणी गोंधळतो.

प्रोपर्यंतची चढण

अमेरिकेतल्या एनएक्सएल मालिकेने पीएसपी या आधीच्या मालिकेनंतर, २०१५ पासून, सर्वोच्च स्पर्धेची जागा घेतली. तिथे डिव्हिजन पाच, चार, तीन, दोन, सेमी-प्रो आणि प्रो अशी उतरंड आहे. खेळाडूची नोंद ओळख क्रमांकाने होते आणि निकालांप्रमाणे त्याचं मानांकन वर सरकतं, त्यामुळे अनुभवी खेळाडूला खालच्या गटात लपून बक्षिसं उचलता येत नाहीत.

प्रो म्हणजे भरघोस पगार, अशी समजूत करून कुणाला आणू नका. बरेच प्रो खेळाडू नोकरी किंवा धंदा सांभाळून खेळतात. प्रायोजकांकडून पेंट, साहित्य आणि प्रवासाचा भार हलका होतो, हीच मोठी गोष्ट. हे आधी कळलेला खेळाडू शिक्षण न सोडता तयारी करतो आणि म्हणूनच जास्त वर्षं टिकतो.

सॅन डिएगो डायनॅस्टी हा खेळातल्या सर्वांत यशस्वी संघांपैकी एक. त्याच्या सुरुवातीच्या खेळाडूंपैकी अनेक जण आधी ‘आयर्न किड्स’ नावाच्या कुमार संघात एकत्र खेळलेले होते. चांगली पोरं वेगवेगळ्या संघांत वाटून टाकण्यापेक्षा चार-पाच जणांचा गट वर्षानुवर्षं एकत्र वाढू द्या.

वरच्या संघाच्या नजरेत यायचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्यांच्या सरावात समोरचा संघ म्हणून उभं राहणं. त्यांनाही ताजे प्रतिस्पर्धी हवेच असतात. चाचणीला जाताना निवडक थरारक क्षणांची चित्रफीत नेऊ नका, पाच-सहा अख्खे पॉइंट न्या, हरलेलेही. प्रशिक्षक बघतात ते हे: दोन्ही हातांनी समोरासमोर टिकतो का, साथीदार बाद झाल्यावर रिकामी जागा भरतो का, सांगितलेली गोष्ट पुढच्याच पॉइंटला करून दाखवतो का. तिसरी गोष्ट जमणाऱ्याला बाकीच्या दोन शिकवता येतात. नकार मिळाला तर त्याच दिवशी विचारा: कोणत्या दोन गोष्टी कमी पडल्या? त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा, पुढच्या तीन महिन्यांचा सराव त्याभोवती बांधा, आणि त्याच संघाच्या पुढच्या सरावाला पुन्हा समोरच्या बाजूला उभे राहा.